एकाच अभिक्रियेचे तीन दर, आणि दोन गाइडांची दोन उत्तरं

अंबाडी

लेक बारावी सायन्सला आहे. मी बी.कॉम. दहावीनंतर केमिस्ट्रीशी संबंध नाही, पण हिशेबाची भीती नाही म्हणून रात्री तिच्याबरोबर गणितं सोडवायला बसते. कायनेटिक्सच्या (अभिक्रिया किती वेगाने होते त्या धड्याच्या) एका गणितावर दोघी अडलोय.

२ डायनायट्रोजन पेंटॉक्साइड → ४ नायट्रोजन डायऑक्साइड + १ ऑक्सिजन

पेंटॉक्साइड ०.०२ मोल प्रति लिटर प्रति सेकंद या दराने कमी होतंय (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक, डझनासारखं). बाकीच्यांचे दर काढा आणि अभिक्रियेचा दर काढा.

मागे छापलेली उत्तरं: डायऑक्साइड ०.०४, ऑक्सिजन ०.०१, अभिक्रियेचा दर ०.०१. पहिली दोन लगेच पटली. तिसरं नाही. भांड्यात पदार्थ तीनच, मग हा चौथा दर कोणाचा? आणि तो नेमका ऑक्सिजनशीच का जुळला?

शिवाय सूत्रात प्रत्येकाच्या दराला त्याच्या सहगुणकाने, म्हणजे समीकरणात त्याच्याआधी लिहिलेल्या आकड्याने, भागलंय. जे चौपट तयार होतं त्याला चारने गुणायचं सोडून भागायचं का? लेक म्हणते, "आई, पाठ कर आणि पुढे चल." मला पाठ करायचं नाहीये.

शेवटचं. याच अभिक्रियेची हाफ-लाइफ (पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ) आमच्याकडच्या दोन गाइडांत वेगवेगळी निघते, एकात दुसऱ्याच्या बरोबर निम्मी. छपाईचा घोळ आहे का?

खडूफळा

पूजेची तयारी डोळ्यापुढे आणा. एका विड्याला दोन पानं आणि एक सुपारी. कोणीतरी मिनिटाला दहा विडे मांडतंय. पुडीतली पानं मिनिटाला वीसने कमी होतायत, सुपाऱ्या दहाने. आता मी तुम्हाला विडे दिसूच दिले नाहीत, फक्त पुडी दाखवली आणि विचारलं, "काम कुठल्या वेगाने चाललंय?" पानं बघितलीत तर विसाला दोनने भागाल. सुपाऱ्या बघितल्यात तर दहाला एकाने. दोन्हीकडून दहाच. गुणलंत तर पानं म्हणतील चाळीस, सुपाऱ्या म्हणतील दहा. दोन साक्षीदार, दोन जबान्या.

भागायचं ते एवढ्याचसाठी. पदार्थ कमी-जास्त होण्याच्या दरात सहगुणक आधीच मिसळलेला असतो, तो काढून टाकायचा. उरतो तो आकडा कुठल्याच एका पदार्थाचा नसतो. समीकरण जसं लिहिलंय तसं, एका लिटरमध्ये, सेकंदाला किती वेळा (म्हणजे किती मोल वेळा) पार पडतंय, तो हा आकडा.

तुमच्या गणितात ०.०२ ÷ २, ०.०४ ÷ ४, ०.०१ ÷ १. तिन्ही ०.०१. ऑक्सिजनचा सहगुणक एक, म्हणून त्याचा दर आणि अभिक्रियेचा दर एकसारखे दिसतात. ज्याचा सहगुणक एक असेल त्याच्या बाबतीत हे व्हायचंच.

अंबाडी

विड्याचं एकदम बसलं. म्हणजे ०.०१ हा आमच्या भाषेत व्हाउचरचा दर झाला, खात्यांचा नाही. एका व्हाउचरला एका खात्यात दोन नोंदी, दुसऱ्यात चार.

बारावी_ब

मी पण बारावीला. सर, सूत्रात अभिक्रियाकारकाला उणे चिन्ह असतं ना, मग पेंटॉक्साइडचा दर −०.०२ लिहायचा का? आमच्या टेस्टमध्ये ऑप्शनला +०.०२ आणि −०.०२ दोन्ही होते आणि अर्ध्या वर्गाचा मार्क गेला.

खडूफळा

प्रश्नाची भाषा बघ. "कमी होण्याचा दर" विचारला तर 'कमी होणं' शब्दातच आलं, उत्तर धन. "संहतीतील बदलाचा दर" (संहती म्हणजे लिटरमागे किती मोल) विचारला तर उत्तर ऋण, कारण नंतरच्या संहतीतून आधीची वजा केली की ऋणच येणार. सूत्रातलं उणे चिन्ह त्या ऋणाला धन करायला ठेवलंय. अभिक्रियेचा दर कधी ऋण लिहायचा नाही, निदान बारावीत तरी.

उसाचा_रस

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो, कोल्हापूर भाग. आमच्याकडे हा विषय रोजच्या पैशाचा आहे, म्हणून लिहितो.

ऊस तोडून पडून राहिला किंवा रस आम्लधर्मी राहिला की सुक्रोजचं इन्व्हर्जन होतं: सुक्रोज + पाणी → ग्लुकोज + फ्रुक्टोज. सगळे सहगुणक एक. म्हणजे मोलमध्ये जितकं सुक्रोज जाईल तितकंच ग्लुकोज आणि तितकंच फ्रुक्टोज येईल, भागाकाराची भानगडच नाही. पण आमचा रिपोर्ट मोलमध्ये नसतो, टक्क्यांत असतो, आणि टक्के वजनाचे. सुक्रोजचा एक मोल ३४२ ग्रॅम. ग्लुकोज १८०, फ्रुक्टोज १८०, मिळून ३६०. वरचे १८ पाण्याचे. म्हणजे १९ किलो साखर गेली की २० किलो रिड्युसिंग शुगर (म्हणजे हे ग्लुकोज-फ्रुक्टोज) दिसते. नवीन पोरं सरळ वजाबाकी करतात आणि मग हिशेब जुळत नाही म्हणून रीडिंगला दोष देतात. आमच्या गणितांत ०.९५ हा गुणक येतो तो इथलाच, १९ भागिले २०.

तेव्हा लेकीला सांगा, सहगुणक मोलची भाषा बोलतात. ग्रॅममध्ये दर दिला असेल तर आधी रेणुभाराने भागा, मग सहगुणकाने.

अवांतर: अभिक्रियेचा दर आकड्यांत मोजून त्याचं गणित पहिल्यांदा मांडलं तेही याच अभिक्रियेवर. जर्मनीतल्या लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० साली आम्लातल्या साखरेवर, पोलॅरिमीटर लावून. प्रकाशाचं प्रतल उजवीकडून डावीकडे फिरतं, ते किती वेळात किती फिरलं ते टिपत गेले. आम्ही 'पोल' (रसातलं साखरेचं प्रमाण) काढतो तो त्याच जातीच्या यंत्रावर. सहगुणक सगळे एक असल्यामुळे "कोणाचा दर?" हा अंबाडीताईंचा प्रश्न त्यांना पडलाच नसेल.

बारावी_ब

पाण्याचा पण सहगुणक एक आहे मग पाण्याचा दर कुणी का काढत नाही?

उसाचा_रस

काढता येतो, सुक्रोजइतकाच असतो. पण एक लिटर पाण्यात पाणीच ५५ मोल. त्यातलं अर्धा मोल गेलं काय नि राहिलं काय, मोजणार कसं? जे ठळक बदलतं ते मोजायचं.

पाचवा_मजला

खडूफळा सरांचं सगळं बरोबर, पण 'अभिक्रियेचा दर' हा आकडा ते जितका पक्का मांडतायत तितका तो नाही. तो कागदावर अवलंबून आहे. तीच अभिक्रिया अशी लिहा:

१ पेंटॉक्साइड → २ डायऑक्साइड + अर्धा ऑक्सिजन

हेही संतुलित आहे. आता पेंटॉक्साइड ०.०२ ने जातंय, भागिले एक, अभिक्रियेचा दर ०.०२. भांडं तेच, वायू तोच, आणि दर दुप्पट. निसर्गात जो मोजता येतो तो पदार्थाचा दर. अभिक्रियेचा दर ही आपली सोय. आमच्या प्लांटमध्ये कोणी "रिअॅक्शन रेट" विचारलाच तर पहिला उलट प्रश्न असतो, "कशाचा?"

खडूफळा

सोय आहे हे मान्य. पण ती सगळ्यांनी मिळून ठरवलेली सोय आहे. आययूपॅकची (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) व्याख्याही सहगुणकाने भागूनच आहे, आणि समीकरण सोबत द्यायचं हे त्यातच गृहीत आहे. त्यामागची कल्पना बेल्जियमच्या थेओफिल द डॉन्डर यांची, १९२० च्या दशकातली: पदार्थ मोजण्याऐवजी अभिक्रिया किती पुढे सरकली ते एकाच राशीने मोजायचं. एक राशी धरली की सगळ्या पदार्थांचे हिशेब त्यातून निघतात. पाच पदार्थांचे पाच दर वागवत बसण्यापेक्षा बरं नाही का?

पाचवा_मजला

बरंच. पण ती सोय आहे हे मुलांना सांगितलं जात नाही आणि मग हाफ-लाइफचा घोळ होतो. अंबाडीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. छपाईची चूक नाही.

ही अभिक्रिया प्रथम कोटीची, म्हणजे दर संहतीच्या सरळ प्रमाणात, आणि त्या प्रमाणाचा स्थिर आकडा म्हणजे 'के'. आता 'के' कशाला म्हणायचं याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली: पेंटॉक्साइड कमी होण्याचा दर = के × पेंटॉक्साइडची संहती. मग हाफ-लाइफ = ०.६९३ ÷ के.

दुसरी: अभिक्रियेचा दर = के × पेंटॉक्साइडची संहती. अभिक्रियेचा दर म्हणजे कमी होण्याच्या दराच्या निम्मा. म्हणून कमी होण्याचा दर = २ × के × संहती, आणि हाफ-लाइफ = ०.६९३ ÷ (२ × के).

खरे आकडे घालून बघू. २५ अंश सेल्सियसला पहिल्या पद्धतीचा के सुमारे ०.००००३४६ प्रति सेकंद आहे. हाफ-लाइफ वीस हजार सेकंद, म्हणजे साडेपाच तास. दुसऱ्या पद्धतीने लिहिणारा माणूस त्याच प्रयोगातून के ०.००००१७३ असा नोंदवेल, आणि ०.६९३ ला त्याच्या दुपटीने भागेल. पुन्हा साडेपाच तासच. भांड्यातला वायू कोणाची पद्धत विचारायला येत नाही.

घोळ कधी? एका पुस्तकातून के उचलला, दुसऱ्यातून सूत्र उचललं. पहिल्याचा के दुसऱ्याच्या सूत्रात गेला की पावणेतीन तास येतात. दोन गाइडांत बरोबर निम्म्याचा फरक आहे म्हणताय, तो बहुतेक हाच.

अंबाडी

आत्ता दोन्ही गाइडं काढून बघितली. एकात वर "अभिक्रियेचा दर = के × संहती" असं लिहून खाली थेट ०.६९३ ÷ के केलंय! समीकरणात पेंटॉक्साइडच्या आधी दोन आहेत तरीही. दुसऱ्यात २ के धरलाय. म्हणजे दुसरं बरोबर?

खडूफळा

दिलेल्या वाक्याशी दुसरं सुसंगत आहे. पहिल्या गाइडाला "कमी होण्याचा दर = के × संहती" म्हणायचं होतं, तर तसं लिहायला हवं होतं. परीक्षेत आधी ते एक वाक्य शोधा. "अभिक्रियेचा दर" म्हटलं असेल आणि समीकरणात दोन असतील तर २ के. "कमी होण्याचा दर" म्हटलं असेल तर नुसता के. काहीच दिलं नसेल तर ऑप्शन बघा. बहुतेक वेळा दोनपैकी एकच उत्तर ऑप्शनमध्ये असतं. दोन्ही असली तर पेपर काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलीयत आणि त्याला २ के अपेक्षित आहे असं धरून चाला. वर्गात मुलांना मी हेच सांगतो. तत्त्वाच्या दृष्टीने ते शोभेचं नाही, पण मार्काच्या दृष्टीने आहे.

बारावी_ब

एक मिनिट. सहगुणक दोन आहे तर ही द्वितीय कोटीची नको का? दर = के × संहतीचा वर्ग?

पाचवा_मजला

हा सगळ्यात महाग पडणारा समज, आणि दोन गोष्टी एकाच धड्यात येतात म्हणून होतो. सहगुणक दोनच गोष्टी सांगतात: किती गेलं की किती आलं, आणि त्यामुळे एकाचा दर दुसऱ्याच्या किती पट. दर संहतीवर कसा अवलंबून आहे हे त्यांना माहीत नसतं. ते प्रयोगानेच कळतं. फॅरिंग्टन डॅनियल्स आणि ई. एच. जॉन्स्टन यांनी १९२१ साली या वायूचं विघटन वेगवेगळ्या तापमानांना मोजलं आणि ते प्रथम कोटीचं निघालं. समीकरणातले दोन तिथेच राहिले.

असं का, ते कळायला आणखी सव्वीस वर्षं गेली. १९४७ मध्ये रिचर्ड ऑग यांनी पायऱ्या मांडल्या. पेंटॉक्साइडचा एकेक रेणू आधी फुटतो, डायऑक्साइड आणि नायट्रोजन ट्रायऑक्साइड होतात. ते बहुतांश पुन्हा जुळतात. क्वचित ट्रायऑक्साइड आणि डायऑक्साइड यांच्या टकरीतून ऑक्सिजन, नायट्रिक ऑक्साइड आणि परत डायऑक्साइड मिळतं. ते नायट्रिक ऑक्साइड दुसऱ्या पेंटॉक्साइडला गाठतं आणि तीन डायऑक्साइड देतं. सगळं जमेला धरलं की २ → ४ + १ जुळतं, पण दोन पेंटॉक्साइड एकमेकांवर आदळतायत असं कुठेच घडत नाही.

गप्पी

मी केमिस्ट्रीवाला नाही, मासे पाळतो. वाचता वाचता एक शंका आली.

नवीन टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो शेवटी नायट्रेट होतो. एका अमोनियाचं एक नायट्रेट, बरोबर? तुमच्या नियमाने अमोनिया ज्या दराने कमी होतो त्याच दराने नायट्रेट वाढायला हवं. पण टाकी लावली की सुरुवातीच्या आठवड्यांत तसं अजिबात होत नाही. अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्रेटची टेस्ट जवळपास कोरीच. मधल्या मध्ये नायट्राइट आभाळाला भिडतं, आणि त्याच काळात मासे दगावतात. मग नियम चुकला की टेस्ट किट?

पाचवा_मजला

धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. किट बरोबर आहे, नियमही. फक्त नियमाची एक अट कोणी सांगत नाही.

तुमच्या टाकीत एक अभिक्रिया नाही, एकामागून एक दोन आहेत. अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे, नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे, आणि दुसरे उशिरा वस्तीला येतात. पहिल्या पायरीचा दर 'क' म्हणा, दुसरीचा 'ख'. अमोनिया क ने कमी होतो. नायट्रेट ख ने वाढतं. नायट्राइट क उणे ख ने. सुरुवातीला ख जवळपास शून्य, म्हणून जितका अमोनिया जातो तितकं नायट्राइट साचतं. पुढे ख वाढून क ला गाठतो, नायट्राइट वाढायचं थांबतं. टाकी पक्की झाल्यावर क आणि ख सारखे, तेव्हा कुठे अमोनिया आणि नायट्रेटचे दर जुळतात.

म्हणजे संपूर्ण समीकरणाच्या दोन टोकांचे दर सहगुणकांनी जोडायचे असतील तर मधे काही साचता कामा नये. पेंटॉक्साइडच्या बाबतीत मधले पदार्थ जन्मतात आणि लगेच खर्च होतात, कधीच डोळ्यात भरण्याइतके साचत नाहीत. म्हणून तिथे २ : ४ : १ प्रत्येक क्षणी खरं ठरतं. तुमच्या टाकीत ते शेवटच्या हिशेबाला खरं, मधल्या काळात नाही.

आणि उसाचा_रस म्हणाले तेही लक्षात ठेवा. किट मिलिग्रॅममध्ये दाखवतं. अमोनियाचा रेणुभार १७, नायट्रेटचा ६२. एक मिलिग्रॅम अमोनियाचं साडेतीन मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट होतं.

गप्पी

म्हणजे दोन आठवडे धीर धरा असं जे दुकानदार सांगतो त्यामागे हे 'क उणे ख' आहे. मला वाटायचं त्याला फिल्टर विकायचाय.

उसाचा_रस

दोन्ही असेल.

खडूफळा

ही अट मी वर्गात सांगत नाही हे खरं. बारावीच्या गणितांत ती गृहीतच असते. पण प्रॅक्टिकलच्या अंगाने आणखी एक सांगतो, कारण तोंडी परीक्षेत विचारतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन:

२ हायड्रोजन पेरॉक्साइड → २ पाणी + १ ऑक्सिजन

पाण्यावर उपडी नळी धरून ऑक्सिजन गोळा करतात. समजा मिनिटाला २४ मिलिलिटर जमतोय. खोलीच्या तापमानाला एक मोल वायू सुमारे २४ लिटर जागा घेतो, म्हणजे मिनिटाला एक मिलिमोल. पेरॉक्साइड त्याच्या दुप्पट, दोन मिलिमोलने जातंय. द्रावण १०० मिलिलिटर असेल तर पेरॉक्साइडची संहती मिनिटाला ०.०२ मोल प्रति लिटरने उतरतेय. इथे मुलं 'ऑक्सिजनची संहती' काढायला जातात. ऑक्सिजन द्रावणात राहिलाच नाही, नळीत गेला! असं असलं की संहतीचा नाद सोडून मोल प्रति मिनिट यात हिशेब करायचा, आणि द्रावणाच्या आकारमानाने शेवटी भागायचं.

मेडिकलमध्ये बाटलीवर '१० व्हॉल्यूम' असं लिहिलेलं असतं तेही याच सहगुणकांवर. एक लिटर द्रावणातून दहा लिटर ऑक्सिजन. ३ टक्के द्रावणात लिटरला ३० ग्रॅम, भागिले ३४, म्हणजे ०.८८ मोल. ऑक्सिजन त्याच्या निम्मा, ०.४४. गुणिले २२.४, जवळजवळ १० लिटर.

पाचवा_मजला

बंद भांड्यात वायू असेल तर दाबावरूनही तेच. दोन पेंटॉक्साइड जाऊन पाच रेणू येतात, तीनची वाढ. पेंटॉक्साइडचा दाब दोन एककांनी उतरला की एकूण दाब तीनने चढतो. फक्त नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणू जोड्या करतात, थंडीत जास्तच, तेव्हा दाबाच्या काट्यावर आंधळा विश्वास नको. गणितात मात्र तो काटा सज्जन धरायचा.

खडूफळा

बारावी_ब आणि अंबाडीताईंची लेक, दोघांसाठी एक. आम्लातली ब्रोमेट-ब्रोमाइड अभिक्रिया:

१ ब्रोमेट + ५ ब्रोमाइड + ६ हायड्रोजन आयन → ३ ब्रोमीन + ३ पाणी

ब्रोमीन ०.००६ मोल प्रति लिटर प्रति सेकंदने तयार होतंय. ब्रोमाइड कुठल्या दराने जातंय?

बारावी_ब

०.०१०. अभिक्रियेचा दर ०.००६ ÷ ३ = ०.००२, गुणिले पाच.

अंबाडी

लेकीचंही ०.०१०. तिने अभिक्रियेचा दर न काढता थेट पाच तृतीयांशाने गुणलं. आणि विचारतेय, यातली कोटी सहगुणकांवरून सांगता येत नाही ना, मग ती किती?

खडूफळा

थेट गुणलं तरी चालतं, वेळ वाचतो. कोटी: ब्रोमेटची एक, ब्रोमाइडची एक, हायड्रोजन आयनची दोन. एकूण चार, आणि सहगुणकांची बेरीज बारा. दोघांनीही उत्तरात एकक लिहिलेलं नाही, त्याचा अर्धा मार्क कापला.